'वय झालं' हे निदान नव्हे

आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाच्या सगळ्या दुखण्यांना मिळून एकच नाव आहे. ते म्हणजे 'वय झालं'. डोळ्यांना दिसेना, वय झालं. कानांना ऐकू येईना, वय झालं. गुडघे धरले, वय झालं. हे दोन शब्द उच्चारले की ऐकणारा मान डोलावतो आणि बोलणारा मोकळा होतो. मीही हे शब्द एकदा उच्चारले आहेत. ते मागे घेता येत नाहीत म्हणून हा लेख लिहीत आहे.

गेल्या वर्षीच्या श्रावणातली गोष्ट. वडीगोद्रीत आमच्या घरामागे नहाणी आहे. तीन बाजूंना पत्रे, खाली शहाबादी फरशी आणि आत जायला वीतभर उंच उंबरा. आजी पहाटे उठून तिथे गेली. दिवा नव्हता आणि पावसाने फरशीवर शेवाळ धरले होते. ती उजव्या कुशीवर पडली. हाक ऐकून आम्ही धावलो, तेव्हा तिचा उजवा पाय बाहेरच्या अंगाला वळलेला होता आणि डाव्यापेक्षा आखूड दिसत होता. खुब्याचे हाड मोडल्याची ही अगदी ठळक खूण असते, हे मला आज ठाऊक आहे. त्या दिवशी आमच्यापैकी कोणालाच ते ठाऊक नव्हते.

आम्ही तिला उचलून बाजेवर ठेवले. दुपारी हाडवैद्य आले. त्यांनी तेल चोळले, कामट्या बांधल्या आणि "सांधा सरकलाय, बसंल आपोआप" असे सांगून गेले. शेजारच्या काकू म्हणाल्या, "ह्या वयात आता कशाला कापाकापी? पडल्या जागी सुखानं ऱ्हाऊ द्या की म्हातारीला." दादांनी माझ्याकडे पाहिले. कॉलेजात जाणारी घरात मी पहिली आणि एकटीच. एवढ्या मोठ्या गोष्टीत माझे मत पहिल्यांदाच विचारले जात होते. मी म्हणाले, "दादा, वय झालंय आता तिचं. बघू आठ दिवस."

आठाचे अकरा दिवस झाले. माकडहाडाजवळची कातडी सोलवटली, ताप आला, आजी भलतेच बोलू लागली, तेव्हा आम्ही तिला शहरातल्या रुग्णालयात नेले. तिथेही तपासण्या, रक्ताची जुळवाजुळव आणि पैशांची जुळवाजुळव यांत पाच दिवस गेले. सोळाव्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. आजी वाचली. घरी येताना हाती पडलेल्या कागदावर इंग्रजीत रोगाचे नाव लिहिले होते. ते वाचून दाखवणे हे माझेच काम होते. मी वाचले, पण अर्थ लागला नाही. मग त्या शब्दांचा माग काढत जे सापडेल ते वाचत गेले. मी वैद्यकाची विद्यार्थिनी नाही, कला शाखेची आहे. तरीही जे समजले ते आपणां सर्वांसमोर मांडावेसे वाटते, कारण हा प्रश्न केवळ डॉक्टरांचा नाही.

मांडीचे हाड वरच्या टोकाला वाकून गोळ्यासारखे होते आणि कमरेच्या खळग्यात बसते. गोळा आणि दांडा यांना जोडणारा भाग म्हणजे हाडाची मान. म्हातारपणी हाड आतून विरळ झालेले असले, की नुसत्या उभ्या अंगाने पडल्यावरही ही मान किंवा तिच्या खालचा भाग मोडतो. मान मोडली तर गोळ्याकडे जाणारा रक्तपुरवठा तुटू शकतो, म्हणून ते हाड आपोआप जुळून येईल याचा भरवसा नसतो. पण माणूस दगावतो तो बहुधा हाड मोडल्यामुळे नव्हे, तर अंथरुणाला खिळल्यामुळे. पाठीला जखमा होतात, छातीत कफ साठून न्यूमोनिया होतो, पायातल्या शिरेत रक्ताची गुठळी होते. अनेक देशांतल्या अभ्यासांत पहिल्या वर्षातच शंभरातले वीस ते तीस रुग्ण दगावल्याचे आढळले आहे. जे वाचतात त्यांच्यातलेही पुष्कळ जण पूर्वीसारखे चालत नाहीत. म्हणजे 'पडल्या जागी सुखाने राहू द्या' या वाक्यातले सुख खोटे आहे. खुबा मोडून पडून राहण्यात सुख नसते. कूस बदलताना आजी कशी ओरडायची, ते मी अकरा रात्री ऐकले आहे.

या विषयावरच्या संशोधनाचा प्रवास पाहिला, तर त्याचे तीन टप्पे दिसतात. पहिला टप्पा खिळ्याचा. मोडलेले हाड जोडायचे कसे, हा एकच प्रश्न तेव्हा शल्यविशारदांपुढे होता. बोस्टनच्या स्मिथ-पीटरसन यांनी १९३१ साली तीन पाकळ्यांचा पोलादी खिळा वापरून मान जोडण्याची पद्धत प्रसिद्ध केली. पुढे १९५० च्या दशकात ऑस्टिन मूर यांचा धातूचा गोळा आला आणि मोडका गोळा काढून नवा बसवणे रुळले. तो आपल्या देशातही पुष्कळ वर्षे वापरात होता. या टप्प्याचे उपकार मोठे आहेत. त्याआधी पायाला वजन बांधून महिनोन्‌महिने झोपवून ठेवण्यापलीकडे फारसे काही हाती नव्हते.

दुसरा टप्पा वेळेचा आणि माणसांचा. खिळा उत्तम बसला तरी रुग्ण दगावतो, हे लक्षात आल्यावर प्रश्नच बदलला. इंग्लंडमधल्या हेस्टिंग्ज या गावी मायकेल डेव्हास यांनी हाडांचे डॉक्टर आणि वृद्धांचे डॉक्टर एकाच रुग्णाभोवती एकत्र आणले. हाड एकाने पाहायचे. हृदय, स्मृती, जेवण, औषधे आणि घरची परिस्थिती दुसऱ्याने पाहायची. नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइम इथे ३९७ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. नेहमीच्या अस्थिविभागात ठेवलेल्यांपेक्षा वृद्धांच्या खास विभागात ठेवलेले रुग्ण चार महिन्यांनंतर अधिक चांगले हिंडू-फिरू शकत होते. ब्रिटनने २००७ पासून खुबा मोडलेल्या रुग्णांची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली. २०१० पासून इंग्लंडमध्ये छत्तीस तासांच्या आत शस्त्रक्रिया आणि वृद्धांच्या तज्ज्ञाकडून तपासणी यांसारख्या अटी पाळणाऱ्या रुग्णालयाला जादा मोबदला मिळू लागला.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. शस्त्रक्रिया जितकी लवकर तितके मृत्यू कमी, असे सरळ समीकरण मांडण्याचा मोह होतो. पण २०२० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. भारतासह १७ देशांतले २,९७० रुग्ण तिच्यात होते. निदानानंतर साधारण सहा तासांत शस्त्रक्रिया झालेले आणि चोवीस तासांनी झालेले, यांच्या मृत्यूंच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. मात्र ज्यांची शस्त्रक्रिया लवकर झाली, त्यांच्यात भ्रमिष्टपणा कमी आढळला, ते लवकर उभे राहिले आणि लवकर घरी गेले. ही बातमी वाचून कोणी म्हणेल, मग घाई कशाला? पण नीट पाहा. तिथे तुलना सहा तासांची चोवीस तासांशी आहे. आमच्या घरात तुलना करायची झाली तर ती सोळा दिवसांशी करावी लागेल. पुढारलेले जग तासांवर वाद घालत आहे आणि आपण अजून दिवस मोजण्याइतकेही पुढे आलेलो नाही.

तिसरा टप्पा पडण्यापूर्वीचा. हाड मोडूच नये म्हणून काय करावे? जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ साली हाडांच्या घनतेवरून अस्थिविरळतेची व्याख्या ठरवून दिली. इंग्लंडमधील शेफील्डच्या संशोधकांनी २००८ साली पुढच्या दहा वर्षांत हाड मोडण्याचा धोका काढण्याचे गणित तयार केले. औषधे आली. काही समजुती मोडीतही निघाल्या. अमेरिकेत २५,८७१ लोकांवर झालेल्या चाचणीतून २०२२ साली असे दिसले, की एरवी धडधाकट असलेल्या प्रौढांना सरसकट 'ड' जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्याने हाडे मोडण्याचे प्रमाण घटत नाही. ज्यांच्या शरीरात त्याची खरीच कमतरता आहे त्यांची गोष्ट वेगळी. पण 'गोळी घ्या आणि विसरा' असे ते प्रकरण नाही, एवढे कळले. उलट साध्या गोष्टी उपयोगी ठरल्या. तोल सावरण्याचे आणि पायात ताकद आणण्याचे व्यायाम केल्याने पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटते, असे २०१९ च्या एका व्यापक आढाव्यात दिसले. न्यूझीलंडमध्ये घरांत कठडे, धरायला दांड्या, चांगला उजेड, न घसरणारा पृष्ठभाग अशा किरकोळ सुधारणा केल्या, तर पडून होणाऱ्या दुखापती सुमारे २६ टक्क्यांनी घटल्या. तो अभ्यास २०१५ सालचा. हे वाचले तेव्हा मला आमची नहाणी आठवली. एक लोखंडी दांडी, एक दिवा आणि फरशी घासायचा ब्रश. या तिन्हींची किंमत आजीच्या शस्त्रक्रियेच्या खर्चापुढे काहीच नाही.

आता आपल्या देशाकडे येऊ. हरियाणातल्या रोहतक जिल्ह्यात डॉ. दिनेश धनवाल आणि सहकाऱ्यांनी २००९ या एका वर्षाची मोजणी केली. ती २०१३ साली प्रसिद्ध झाली. पन्नाशी ओलांडलेल्या एक लाख लोकांमागे वर्षाला १२९ जणांचा खुबा मोडतो, असे तीत आढळले. स्त्रियांत हे प्रमाण १५९ आणि पुरुषांत १०५. दिल्लीच्या मोठ्या सरकारी रुग्णालयांतला एक अभ्यास २०१७ साली आला. दुखापतीच्याच दिवशी रुग्णालयात दाखल झालेले त्यात शंभरात तीसच्या आसपास होते. देशाच्या राजधानीत ही स्थिती, तर अंबड तालुक्यातल्या वाडीवस्तीवर काय असेल?

रोहतकचा आकडा घेऊन मी एक साधा हिशेब केला. एखाद्या गावात पन्नाशी ओलांडलेली हजार माणसे असतील, तर त्या गावात वर्षाला सरासरी एकाहून थोडे अधिक जण खुबा मोडून पडतील. वर्षाला एक! म्हणूनच गावाला हा रोग वाटत नाही. प्रत्येक वेळी तो एक सुटा अपघात वाटतो. कोणाची तरी आजी पडली, कोणाचा तरी आजा गेला, दशक्रिया झाली, विषय संपला. पण अशी शेकडो गावे एकत्र धरली की तो एक मोठा रोग होतो. आशियातल्या नऊ देश-प्रदेशांचा अंदाज २०१८ साली मांडला गेला. त्यात भारतही होता. त्या वर्षी सुमारे ११ लाख २४ हजार असलेली ही संख्या २०५० साली २५ लाख ६३ हजारांवर जाईल, असा तो अंदाज आहे. पण २०२३ साली १९ देश-प्रदेशांतल्या प्रत्यक्ष नोंदींवरून जागतिक आढावा घेतला गेला, तेव्हा त्यात भारत नव्हता. म्हणजे भविष्याच्या अंदाजात आपण आहोत आणि नोंदींत मात्र नाही.

कोणी म्हणेल, पूर्वीच्या माणसांची हाडे दणकट होती, त्यांना कुठे असले काही व्हायचे? याचे उत्तर कठोर आहे. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतीयांचे सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होते. आज ते सत्तरीच्या घरात आहे. खुबा मोडण्याच्या वयापर्यंत पोचणारी माणसेच पूर्वी थोडी होती. २०११ च्या जनगणनेत साठीवरचे लोक दहा कोटींहून अधिक होते.

दुसरा एक समज असा, की कष्टकरी बाईची हाडे कष्टानेच मजबूत राहतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतल्या डॉ. वीणा शत्रुघ्न आणि सहकाऱ्यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तीस ते साठ वयाच्या, अल्प उत्पन्न गटातल्या २८९ स्त्रियांची हाडे तपासली. त्यांच्यातल्या २९ टक्के स्त्रियांच्या खुब्याजवळच्या मानेत अस्थिविरळता आढळली. कष्टाने हाड बळकट होते हे खरे, पण त्याला अन्नाची जोड हवी. सगळ्यांना वाढून झाल्यावर तव्यावर उरलेली भाकर आणि बिनदुधाचा चहा यांवर आयुष्य काढलेल्या बाईचे हाड बळकट कसे राहील? आजीने जन्मभर दुसऱ्यांच्या मोसंबीच्या बागा खुरपल्या. तिच्या पेल्यात दूध मी कधी पाहिले नाही. आम्ही घरातल्या पोरीही अजून मागाहूनच जेवतो.

आणि एक गोष्ट याहून गंभीर वाटते. शहागडला गोदावरी ओलांडली की बीड जिल्हा लागतो. तिथल्या ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने केली. ८२ हजारांहून अधिक स्त्रियांची पाहणी झाली आणि त्यांपैकी तेरा हजारांहून अधिक जणींची अशी शस्त्रक्रिया झाल्याचे दिसले. त्यांत कितीतरी तरुण होत्या. गर्भाशयाबरोबर अंडाशयेही काढली, तर पाळी जाण्याचे वय एकाएकी अंगावर येते आणि हाडांची झीज त्या दिवसापासून सुरू होते. आज पस्तिशीत असलेल्या या बायका आणखी तीस वर्षांनी कोणत्या हाडांवर उभ्या राहतील? तेव्हाही आपण 'वय झालं' असेच म्हणणार का? ते वय झालेले नसेल. आपण लादलेले असेल.

काही मित्रांचा आक्षेप मला ठाऊक आहे. "लहान मुलांना धड औषध मिळत नाही, तरुणांना काम नाही, मग म्हाताऱ्यांच्या हाडांवर पैसा कशाला?" हा आक्षेप मला क्रूर वाटत नाही, कारण गरिबीत असे हिशेब प्रत्येक घर करते. आमच्याही घराने केला. पण तो हिशेब चुकीचा ठरला. आजी अकरा दिवस बाजेवर होती, तेवढे दिवस आईची मजुरी बुडाली. नंतर तीन महिने माझी तासिका बुडाली. वेळेवर नेले असते तर खर्च कमी आला असता, जास्त नव्हे. शिवाय सोयी मुळीच नाहीत असेही नाही. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून आहे. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी गाठलेल्या प्रत्येकाला 'आयुष्मान भारत' योजनेत घेण्यात आले. पात्र ज्येष्ठांना चष्मा, काठी, वॉकर यांसाठी तीन हजार रुपये देणारी 'मुख्यमंत्री वयोश्री' योजना राज्याने २०२४ साली आणली. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातल्या दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले, त्यांत आपल्या जालन्याचेही आहे. पण ही दारे ठोठावायची असतात हे कळण्याआधी 'वय झालं' हा अडसर आपण आतूनच लावून घेतो.

मग आपण काय करावे? आपल्यापैकी कोणी शस्त्रक्रिया करणार नाही. पण मोजणी करता येते. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभरातल्या ७२ हजारांहून अधिक प्रौढ व वृद्धांची मोठी पाहणी केली. असे काम मोलाचे आहेच. पण पाहणी करणारा दाराशी येतो तेव्हा उत्तर द्यायला जिवंत माणूस लागतो. जी म्हातारी पडली आणि दोन महिन्यांत गेली, ती कोणत्याच तक्त्यात येत नाही. रुग्णालयाच्या वहीतही ती नसते, कारण ती तिथवर पोचलेलीच नसते. तिची नोंद फक्त गावाच्या आठवणीत असते. आणि गावाला विचारण्याचे काम आपल्याइतके चांगले कोण करील?

राष्ट्रीय सेवा योजनेचे आपले शिबिर दर वर्षी सात दिवस एखाद्या गावात असते. आपण रस्ते झाडतो, झाडे लावतो, प्रभातफेरी काढतो. माझी प्राध्यापकांना नम्र विनंती आहे, की यंदा त्यातले दोन दिवस या कामाला द्यावेत. घरोघरी पाच प्रश्न विचारायचे. गेल्या पाच वर्षांत घरातले साठीवरचे कोणी पडून अंथरुणाला खिळले का? कुठे पडले? पहिला उपचार कोणाकडे घेतला? रुग्णालयात कितव्या दिवशी नेले? ती व्यक्ती आज चालते का? उत्तरे नावे वगळून एकत्र करावीत. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी तक्ते करावेत, अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी खर्चाचा हिशेब मांडावा आणि मराठीच्या आम्हा विद्यार्थ्यांनी गावाला समजेल असे एक पान लिहावे. तो अहवाल जालन्याच्या वैद्यकीय महाविद्यालयाकडे पाठवावा आणि म्हणावे, हे आमच्याकडून, आता पुढची नोंदवही तुम्ही सुरू करा. उरलेल्या श्रमदानात नहाण्या घासाव्यात, उंबऱ्याशी दांडी बसवावी. हाडवैद्यांशीही भांडू नये. लोक आधी त्यांच्याकडेच जातात. पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसला तर हात न लावता १०८ ला बोलवा, एवढे त्यांनी ऐकले तरी पुष्कळ.

आजी आता वॉकर धरून ओसरीपर्यंत येते. शेताकडे जाणे संपले. दादांनी नहाणीत दांडी बसवली आणि दिवाही लावला. परवा ती दांडीला धरून उभी होती. मला म्हणाली, "आधीच का नाय बसवलं गं हे?" तिने सहज विचारले. मला मात्र सहज उत्तर देता आले नाही.

शिबिराचे गाव अजून ठरायचे आहे. पाच प्रश्नांचा कागद मी तयार केला आहे. ज्यांना यायचे असेल त्यांनी सांगावे.